उंबऱ्यावरचे बूट

नंदुरबार,
१२ एप्रिल १९३८

प्रिय नारसिंग,

पत्रास कारण एकच, दावीद. बाकी खुशाली शेवटी लिहीन, कागद उरला तर.

दावीद गावीतला तूच आणलास, म्हणून तुलाच लिहितो. तुझ्या नवापूरकडच्या डोंगरातला हा गडी आला तेव्हा आमच्या जिनात कापसाचे बोजे उचलायचा आणि मैदानावर चेंडू अंगावर आला की बाजूला सरकायचा. गेल्या पावसाळ्यात मी त्याला पहिल्यांदा बूट देऊन गोलात उभा केला, आणि आज तो आमच्या क्लबचा गोलकीपर आहे. सुरतेचे फॉरवर्ड त्याच्यासमोर आले की चेंडू मारायचा की देवाचं नाव घ्यायचं, हेच विसरतात.

काकांना तू ओळखतोस. छगनकाकांचं जिन, छगनकाकांची कळसाडीची शेती, आणि क्लब चालतो तोही त्यांच्याच जिवावर. पण त्यांच्या लेखी माणूस ठेवायची तऱ्हा एकच, सालदारी. अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला ठेवायचा, पुढच्या अखाजीला मोकळा करायचा. बैलामागचा गडी असो की चेंडूमागचा, नियम तोच. खेळाडूंना सालाची ज्वारी, धोतरजोडी आणि पायातल्या जोड्याच्या जागी बूट देणारा क्लब साऱ्या मुलखात आमचा एकटाच असेल. मी एवढा कॉलेजात शिकून आलो, स्टँपच्या कागदावर करारनामा केला, त्यात कलमं घातली. काका म्हणाले, "कागद करना शे तं कर. पन साल अखाजीलेच सरस." संपायचं ते अखाजीलाच, कागदावर काहीही असो.

यंदा दोघं जाणार. एकाला अक्कलकुव्याच्या मोटारीवर काम लागलंय, दुसऱ्याला सासऱ्याने शेतीवर बोलावलंय. दोघांनी बूट आणून माझ्या टेबलाखाली ठेवले, "शेठ, येतो" म्हणाले, विषय संपला. त्यांची मला फिकीर नाही. पण काकांनी बजावून ठेवलंय, "दावीद ऱ्हायना तं क्लब ऱ्हायना. ज्या घरले दार नही, त्या घरमा काय ठेवू?" आणि काका बोलले म्हणजे बोलले.

आता मुद्द्याचं. मागच्या सामन्याला तुमच्या मिलचे खेळाचे सेक्रेटरी मुंबईहून आले होते. पानसुपारी घेतली, माझ्या व्यवस्थेचं कौतुक केलं, आणि सारा वेळ मांजरासारखे डोळे लावून होते दावीदवर. तू तिथे आहेस, कान उघडे ठेव. त्यात तुझा हात असेल तर आत्ताच काढून घे. मुंबईने माझा एक माणूस नेलाच आहे. दुसरा नेलास तर पुन्हा तोंड पाहणार नाही.

काकी बरी आहे. कागद संपला.

तुझा,
रतिलाल

•

मुंबई,
२० एप्रिल १९३८

शेठ रतिलालभाई यांस मिलमजूर नारसिंगचा लांबूनच रामराम.

तुझं पत्र वाचून आधी खिसे तपासले, न जाणो दावीद त्यात असायचा. अरे, शाळेत तुझी पाटी हरवली की तू पहिला माझ्याकडे बघायचास. पाटी दर वेळी तुझ्याच पिशवीत निघायची. सवय काही गेली नाही.

ऐक. सेक्रेटरी साहेबांनी मला दावीदबद्दल विचारलं, हे खरं. मी म्हटलं, माझ्या डोंगरातला आहे, पण मी बोलावणार नाही. आपल्या पायाने आला तर तुमचं नशीब. यापुढे मी एक अक्षर बोललेलो नाही.

इथला करार कसा असतो ते तुला कलमांचा शौक म्हणून सांगतो. तीन वर्षांचा, छापील, इंग्रजीत. मधे सोडायचा नाही. नावापुरता मी रिंगखात्यात, सूतकताईत आहे. सकाळी साच्यांपाशी जाऊन उभा राहतो, मुकादम म्हणतो, "तुम्ही अजून इथेच?" आणि मैदानावर पिटाळतो. पडलो तर डॉक्टर आहे, गोल केला तर साहेब हात मिळवतो. तक्रार करायला जागा नाही. फक्त अखाजी कधी आली, कधी गेली, हे इथे कुणाच्या गावीही नसतं.

आणि एक सांगतो, का म्हणून विचारू नकोस. अखाजीच्या दिवशी कागद जरा बाजूला ठेव आणि माणसाकडे बघ. तुला कागदाकडे बघायची फार सवय आहे.

गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

तुझा,
नारसिंग

•

नंदुरबार,
४ मे १९३८

नारसिंग,

पेढे वाट. तुमची मिल जिंकली.

अखाजीला मी सकाळीच जिनाच्या ऑफिसात टेबल मांडून बसलो. करारनाम्याच्या प्रती, दौत, टाक, शेजारी नव्या धोतरजोड्या. राहणारे एकेक आले, सह्या केल्या, आमरस-पोळीवर आडवा हात मारला. दावीद त्या सगळ्यांच्या आधी आला होता, पण आत नाही आला. बूट पुसूनपासून आणलेले, दोऱ्या एकमेकींना बांधलेल्या. ते त्याने उंबऱ्यावर ठेवले आणि समोरच्या निंबाखाली जाऊन बसला. सहीला आला नाही, जेवायलाही आला नाही. माझ्याकडे बघून एकदा मान तेवढी हलवली.

मी काय समजायचं? त्या दोघांनीही बूटच परत केले होते. ते तोंडाने बोलले, याला बोलायची लाज वाटली, एवढाच फरक. मी म्हटलं, गरिबाला आणखी कशाला लाजवा? ज्याचं मन मुंबईला गेलंय त्याचे पाय नंदुरबारात धरून काय उपयोग? तू लिहिलं होतंस, माणसाकडे बघ. मी बघितलं. एवढंच नाही, मी बुटांना हातसुद्धा लावला नाही. ते उचलून आत ठेवले असते तर त्याला हाकलल्यासारखं झालं असतं. त्याच्या मानासाठी दुपारपर्यंत तसेच राहू दिले.

दुपारी बघतो तर निंबाखाली कोणी नाही. वळकटी घेऊन सुरतेच्या गाडीने गेला म्हणे. मग बूट कपाटात टाकले.

काका दरसाल अखाजीला शेतावरच्या सालदारांसाठी कळसाडीला असतात, तसे यंदाही होते. काल आले. मी म्हटलं, दावीद मिलकडे गेला. त्यांनी पागोटं काढून खुंटीला लावलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बंद कर मंग." एवढंच. शिल्डच्या सामन्याला आमचा संघ येत नाही, असं सुरतेला कळवायचं पत्र लिहून ठेवलंय. अजून पोस्टात टाकायचा धीर होत नाही.

फार वाईट वाटतंय, नारसिंग. तू गेलास तेव्हा वाटलं होतं, तितकंच. तेव्हा निदान क्लब तरी उरला होता.

रतिलाल

•

मुंबई,
११ मे १९३८

प्रिय रती,

ते सुरतेचं पत्र फाड. आधी फाड, मग पुढचं वाच.

दावीद माझ्या खोलीवर आहे. अखाजीनंतर दोन रात्री स्टेशनांवर काढून माझं नाव विचारत विचारत आला. मी दारातच म्हटलं, "आलास ना शेवटी शेठला टांग मारून?" तर त्याने वळकटी खाली ठेवली. म्हणाला, "मी कोठे टांग मारी? शेठनीच माले काढं."

तुझ्यासमोर तो तोंड उघडत नाही, म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे देतो. "भिला आबानी सांगेल व्हतं. अखाजीले सालनी वस्तू उंबरावर ठेवानी. मालकनी उचलीसन हातमा दिधी तं ऱ्हावानं. नही दिधी तं समजी लेवानं. मी दुपारलोंग बठेल व्हतू. शेठ दोनदाव बाहेर वनात, बूट वलांडीसन गयात."

भिला म्हणजे काकांचा जुना सालदार, जिनाच्या फाटकावर बसतो तोच. रती, तू कळसाडीच्या घरात वाढलास आणि मी डोंगरात, आणि तुझ्या घरची रीत मी तुला सांगू? अखाजीला सालदार बैलाचा कासरा उंबऱ्यावर ठेवतो. मालक तो स्वतःच्या हाताने उचलून त्याच्या हातात देतो, की झालं, पुढचं साल पक्कं. बोलायचं कोणीच नसतं. गड्याने "ठेवा" म्हणायचं नाही, मालकाने "राहा" म्हणायचं नाही. दावीदजवळ कासरा कुठला? त्याच्या सालाची वस्तू म्हणजे बूट. ते त्याने ठेवले. तू त्याच्या मानासाठी ते उचलले नाहीस. आणि तो उन्हात बसून तुझ्या हाताची वाट बघत होता.

आता पुढचं. सेक्रेटरी साहेबांनी त्याला बघितलं आणि त्यांची तहानभूक हरपली. नवे कोरे विलायती बूट मागवले. हा घालायला तयार नाही. चाचणीला अनवाणी उतरला आणि तरी एक चेंडू आत जाऊ दिला नाही. मी विचारलं, बूट का नाही घालत? म्हणे, "कोनी हातमा दिधात नहीत. टेबलवर ठेयात."

पण किती दिवस अनवाणी राहील? परत जायला तोंड नाही, घरी जमीन हातभर. एक जूनला करारावर सही आहे, आणि इथली सही तीन वर्षं पुसत नाही. मी साहेबांना सांगितलंय की त्याच्या अंगात कणकण आहे, जरा थांबा. देव मला या खोट्याबद्दल माफ करील, मुकादम करेल की नाही सांगता येत नाही. काय करायचं ते झटपट कर.

नारसिंग

•

नंदुरबार,
१५ मे १९३८

प्रिय नारसिंग,

पत्र फाडलं. सुरतेचं.

कासरा मी लहानपणापासून बघितलाय रे. पण माझ्या डोक्यात कासरा म्हणजे शेत, आणि बूट म्हणजे क्लब. क्लबसाठी मी कागद केला होता. ज्याने सही केली नाही तो जाणार, इतकं ते मला सरळ वाटलं. भिलाला बोलावून विचारलं, तर म्हणाला, "तुमी वलांडी गयात तव्हयच मी समजनू. मालकले कोन सांगी?" त्यालाही वाटलं की मी मुद्दाम केलं!

मग काकांपुढे उभा राहिलो आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. काका घरात कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी शेजारच्या पेढीवरची माणसं बाहेर आली. "कासरा उचलाले तुन्हा हातले काय मेंदी लागेल व्हती? जिनमातली अखाजी तुन्हा हातमा देल व्हती, तू कागद लिसन बठना!" मी म्हटलं, तार करतो, बूट पार्सलने पाठवतो. त्यावर तर आणखी भडकले. "पार्सलमा कासरा देतस का कोनी?" मी म्हटलं, मग मी जातो. तर म्हणाले, "तू नको. घरना वडीलनी देवाना ऱ्हास."

तर काका येताहेत. सुरतेपलीकडे त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. काकीने दशम्या बांधायला घेतल्यात, आणि मुंबईचं पाणी बाधेल म्हणून विहिरीच्या पाण्याची कळशी न्या म्हणतेय. पुढच्या सोमवारी निघतील. स्टेशनवर जा, नाहीतर ते मुंबईला पत्ता विचारण्याऐवजी मुंबईचीच चौकशी करत बसतील.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. दावीदचे बूट काढायला कपाट उघडलं तेव्हा काका मागे उभे होते. एकदम म्हणाले, "आनि नारसिंगनं काय व्हयनं व्हतं?" मी म्हटलं, तो जास्त पगारावर मुंबईला गेला. "त्यानी तुले सांगं?" खरंच, तू सांगितलं नव्हतंस. त्या अखाजीलाही मी सकाळी आलो तेव्हा तुझे बूट उंबऱ्यावर होते.

ते बूट त्याच कपाटात खालच्या फळीवर आहेत. टाकवले नाहीत कधी. वाटलं होतं, दोन वर्षांत वाळून लाकूड झाले असतील. हातात घेतले तर मऊ. भिला दर अमावस्येला एरंडेल चोळतो म्हणे. मी त्याला विचारलं, कशासाठी? तर म्हणाला, "सालदारनी वस्तू शे. कव्हय मांगी काय सांगता येस?"

काकांनी तेही गाठोड्यात बांधलेत. नारसिंग, मला जे वाटतंय ते खरं आहे का?

तुझा,
रतिलाल

•

मुंबई,
२४ मे १९३८

प्रिय रती,

काकांना आज गाडीत बसवून आलो. सोबत दावीद आहे. जीव भांड्यात पडू दे, मग पुढे वाच.

मी स्टेशनवर गेलो होतो, पण काका सापडले नाहीत. ते दुसऱ्या बाजूने उतरले आणि मिलचं नाव विचारत थेट फाटकावर गेले. मी धावत पोचतो तर मोठं पागोटं, काखेत छत्री, एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात खरोखरच कळशी. फाटकवाला आत सोडीना. काका त्याला समजावत होते, "मी मन्हा गडीले न्यावाले येल शे. तुन्ही मिल न्यावाले नही." तो बिचारा परमुलखाचा, त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण हसून त्याने दार उघडलं.

मैदानावर सराव चालू होता. दावीद गोलात, अनवाणी. काका सरळ मैदानात शिरले. चेंडू थांबला, माणसं थांबली, सेक्रेटरी साहेब खुर्चीवरून उठले. काकांनी गाठोडं सोडलं, बूट काढले आणि दोन्ही हातांनी दावीदपुढे धरले. एक शब्द नाही. दावीदने दोन्ही हातांनी घेतले. खाली बसून तिथेच चढवले, दोऱ्या आवळल्या, उभा राहिला आणि मग विचारलं, "काका, गाडी कव्हय शे?"

साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हे गृहस्थ कोण? आणि याच्या सहीचं काय?" मी म्हटलं, "साहेब, सही झाली. आत्ताच झाली, तुमच्यासमोर." भला माणूस आहे. दावीदच्या पायांकडे बघून म्हणाला, "छापील कागद आम्ही उगाच वापरतो." कणकणीबद्दलही काही विचारलं नाही.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. हो.

त्या अखाजीला मी बूट ठेवले होते ते ठेवून घ्यावं म्हणून. तू आलास, बघितलंस, कपाळाला आठी घातलीस आणि आत जाऊन दार लोटून घेतलंस. त्या साली माझा गुडघा गेला होता, आठवतं? शेवटच्या सामन्यात मी लंगडतच खेळलो होतो. मला वाटलं, लंगडा बैल कोण ठेवतो? मालकाचं बरोबर आहे. मित्र असला म्हणून काय झालं. दुसऱ्या दिवशी गाडी धरली. तुझं पहिलं पत्र आलं, त्यात तू थट्टेने मला पळपुट्या म्हटलं होतंस. ती थट्टा फार लागली होती, रती. पण रीतच अशी की तोंडाने मागायचं नाही, आणि नंतर मागायला तोंड उरलं नाही. म्हणून मीही थट्टाच करत राहिलो.

काकांनी दावीदचं झाल्यावर माझ्याकडे तोंड केलं. गाठोड्यातून माझे बूट काढले. म्हणाले, "नारसिंग, हाई तुन्हं." मी म्हटलं, काका, माझा इथला करार पुढच्या सालापर्यंत आहे, मला येता यायचं नाही. तर म्हणाले, "मी कव्हय म्हनं, ये म्हनीसन? मन्हं देवानं काम व्हतं, दिधं. दोन साल उशीर व्हयना. येवानं का नही ते तू दखी ले."

मी साऱ्या मिलच्या टीमसमोर रडलो. फाटकवाल्यानेही बघितलं. आता इथे मला कोणी नारसिंग म्हणत नाही, बूटवाला म्हणतात. म्हणू देत.

बूट जरा घट्ट होतात. मिलच्या भाकरीने पाय जाड झाले असावेत. भिला आबाला माझा रामराम सांग.

तुझाच,
नारसिंग

•

नंदुरबार,
२८ ऑगस्ट १९३८

प्रिय नारसिंग,

शिल्डचा सामना झाला. मैदानात घोट्याएवढा चिखल, सुरतेची गोरीगोमटी पोरं चिखलात लोळून आपल्यासारखी दिसायला लागली. ना त्यांचा गोल झाला, ना आपला. आपला का झाला नाही, ते विचारू नकोस, गोल मारणारा मुंबईला आहे. पण दावीदने शेवटच्या घडीला एक चेंडू असा अडवला की सुरतेच्याच लोकांनी त्याला उचललं. काका सारा वेळ छत्री घेऊन गोलाच्या मागे उभे होते. मी म्हटलं, खुर्ची आणू का? तर म्हणाले, "दारमा कोनी बसस का?" क्लब बंद करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि मीही विचारत नाही.

तुझं मेचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. कपाळाला आठी घातली होती, हे खरं. ती तुझ्यावर नव्हती रे. तू जातोस असं वाटलं, आणि तुला थांबवायला शब्द सुचेनात, म्हणून दार लोटलं. आत जाऊन मी बराच वेळ टाक हातात धरून बसलो होतो. तू बाहेर, मी आत, मधे ते बूट. दोघांतल्या एकाने जरी वाकायचं ठरवलं असतं तरी दोन वर्षं वाचली असती. पण वाकायचं माझंच होतं.

करारनाम्याचे कागद अजून करतो. सवय जात नाही. पण यंदा शेवटचं कलम मी स्वतःच्या हाताने घातलंय, की वरची सगळी कलमं अखाजीच्या दुपारनंतर लागू होतील. वकिलाने डोकं धरलं. काकांनी पहिल्यांदाच माझा कागद पूर्ण ऐकून घेतला.

तुझं साल पुढच्या अखाजीला सरेल. यायचं की नाही ते तू बघ. मी ये म्हणणार नाही, घरची रीत नाही ती. घट्ट होत असले तरी बूट मात्र घेऊन ये, आणि उंबऱ्यावर ठेव. निंबाखाली जाऊन बसायचं कारण पडणार नाही.

मी त्या दिवशी टेबल मांडणार नाही. पहाटेपासून उंबऱ्यावरच बसून असेन.

तुझा,
रती